मारुतीचा टाइप कोणता? ॲनिमेशनपटातला नायक आणि आपण मारतो ते शिक्के

(बारामतीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण हसले असतील. कार्टूनमधल्या मारुतीचा स्वभाव कुठल्या प्रकारचा, यावर भाषण? हसा, हरकत नाही. पण हा विषय मी शोधलेला नाही, तो मला दोन पोरांनी दिला. मागे एका कार्यक्रमानंतर चहा घेताना बाजूला दोघांचं चाललं होतं. एक म्हणत होता, "हनुमान एक्स्ट्रोव्हर्टच." दुसरा म्हणे, "वेडा आहेस का, तो पक्का इन्ट्रोव्हर्ट." दोघांनी लहानपणी टीव्हीवर तोच सिनेमा पाहिलेला, आणि वाद इतका रंगला की चहा गार झाला. मी ऐकत राहिलो आणि मनात आलं, एकाच पात्राबद्दल दोन शहाणी मुलं इतकी ठामपणे उलटसुलट बोलतात, म्हणजे गडबड त्या पात्रात नसावी, आपल्या मोजपट्टीत असावी. त्या मोजपट्टीबद्दल आज बोलायचंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी देवाबद्दल निवाडा करायला उभा नाही. सिनेमातलं आणि गोष्टीतलं एक पात्र समोर ठेवून, माणसाचा स्वभाव आपण कसा ओळखतो आणि कुठे चुकतो, एवढंच बघू.

चार अक्षरं आली कुठून?

हल्लीची मुलं 'टाइप' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा एमबीटीआय नावाची चाचणी त्यांच्या डोक्यात असते. तिचं मूळ स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या पुस्तकात आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यांच्यामुळे रूढ झाले. ते पुस्तक वाचून अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी एक प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. इझाबेल यांनी तर त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती. हे मी नावं ठेवायला सांगत नाही. स्वभाव ओळखण्याची हौस कथा लिहिणाऱ्याला असतेच, त्यात नवल नाही.

चाचणीत चार जोड्या आहेत. माणूस बाहेर रमतो की आत. समोर दिसतं ते धरून चालतो की त्यामागचा अर्थ शोधतो. निर्णय तर्काने घेतो की भावनेने. आणि शेवटची, आखून जगतो की येईल तसं जगतो. प्रत्येक जोडीतलं एक अक्षर घ्यायचं, चार अक्षरांचा एक टाइप होतो. असे एकूण सोळा. म्हणजे सगळी माणसं सोळा डब्यांत. डबे नीट आहेत, झाकणं घट्ट आहेत. प्रश्न एवढाच, की माणूस डब्यात मावतो का?

आता मारुती

'हनुमान' हा सिनेमा ऑक्टोबर २००५ मध्ये आला. आपल्या देशात बनलेला पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून त्याची जाहिरात झाली होती. तुमच्यातले जे आज पंचविशी-तिशीत आहेत त्यांनी तो पाहिलाच असणार. गुबगुबीत गालांचा, खोडकर बालमारुती आठवतोय ना? तो उगवता सूर्य फळ समजून खायला झेपावतो. ऋषींच्या आश्रमात धुमाकूळ घालतो. मग ऋषी वैतागून शाप देतात की तुला तुझ्या शक्तीचा विसर पडेल, आणि कुणीतरी आठवण करून देईल तेव्हाच ती परत येईल.

त्या दोन पोरांपैकी पहिल्याचा पुरावा हा. खोड्या करतो, उड्या मारतो, आधी करतो आणि मग विचार करतो. म्हणजे बहिर्मुख, येईल तसं जगणारा. लंका जाळली ती काय ठरवून? शेपटीला आग लावली राक्षसांनी, याने त्याच आगीचा उपयोग केला. संजीवनी ओळखता येईना, तर अख्खा पर्वतच उचलून आणला.

दुसऱ्याचा पुरावा बघा. मोठा झालेला हनुमान स्वतःबद्दल बोलतच नाही. पराक्रमाचं श्रेय घेत नाही. समुद्रकिनारी सगळे वानर कोण किती योजनं उडी मारू शकतो याच्या गप्पा करतात, तेव्हा हा गप्प बाजूला बसलेला असतो. जांबवंताला जाऊन त्याला हलवावं लागतं. म्हणजे अंतर्मुखच की.

आणि सिनेमाच्या मागे जाऊन वाल्मीकींचं सुंदरकांड वाचलंत तर गोंधळ आणखी वाढतो. सीता सापडत नाही तेव्हा हाच वीर इतका खचतो की जीव देण्यापर्यंतचे विचार त्याच्या मनात येऊन जातात. अशोकवनात ती दिसते, तेव्हा तो चटकन समोर उडी मारत नाही. झाडावर बसून विचार करतो, की मी कुठल्या भाषेत बोललो तर ही घाबरणार नाही? फार शुद्ध संस्कृतात बोललो तर हिला वाटेल हा रावणच रूप घेऊन आलाय. किती बारीक विचार आहे हा! आणि लंका पेटवून झाल्यावर त्याच्या काळजात धस्स होतं, की या आगीत सीताच जळाली असेल तर? आपल्या रागाला तो स्वतःच दोष देतो.

आता सांगा, हा विचाराने चालणारा की भावनेने? आखून चालणारा की उत्स्फूर्त? ज्याला जे अक्षर हवं त्याला त्या अक्षराचा प्रसंग मिळतो.

वाद मिटत का नाही?

तीन कारणं आहेत.

पहिलं, वागणं दिसतं, पण वागण्याचं कारण दिसत नाही. माणूस सभेत गप्प बसला तर तो लाजाळू असेल, कंटाळलेला असेल, नाहीतर त्याला शहाणपणाने वाटत असेल की अजून बोलायची वेळ आली नाही. किनाऱ्यावर गप्प बसलेला हनुमान अंतर्मुख होता की शापामुळे त्याला स्वतःची ताकदच आठवत नव्हती? गोष्ट तर दुसरं कारण सांगते. आपण मात्र गप्प दिसला की लगेच अक्षर लावून मोकळे होतो.

दुसरं कारण पात्रांपुरतं. पात्राचा स्वभाव कथाकार लिहितो, आणि कथेची गरज बदलली की तोही बदलतो. 'फ्रोझन' हा डिस्नेचा सिनेमा बऱ्याच घरांत पोरांनी पाठ केलाय. त्यातली एल्सा सुरुवातीच्या आराखड्यात खलनायिका होती. मग तिचं ते गाजलेलं गाणं तयार झालं, आणि ते ऐकल्यावर कथाच फिरवावी लागली. जिचं गाणं असं आहे ती दुष्ट कशी असेल? म्हणजे एका गाण्याने टाइप बदलला. आपल्याकडे २००७ मध्ये 'रिटर्न ऑफ हनुमान' आला, अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला. त्यात मारुती माणसाचं मूल होऊन पृथ्वीवर येतो, शाळेत जातो. नाव तेच आणि शक्तीही त्याच, पण गोष्ट वेगळी, म्हणून स्वभावाचा रंगही वेगळा. शिवाय ॲनिमेशनमध्ये पात्र लांबून ओळखू यावं म्हणून चित्रकार एकच गुण ठळक करतो. खोडकर म्हणजे खोडकर. ती त्या माध्यमाची सोय आहे. खऱ्या माणसाला ती सोय नसते.

तिसरं कारण मोजणीचं. हे इथल्या माणसाला मी जास्त सोपं करून सांगू शकतो. बारामती-इंदापूर म्हणजे उसाचा पट्टा. आपण कारखान्यावर ऊस घालतो तेव्हा 'गोड ऊस' आणि 'अगोड ऊस' असे दोनच ढीग करतो का? नाही. साखर उतारा काढतो, टक्क्यांत, दशांशापर्यंत. दर उताऱ्याला बांधलेला असतो. कुणी म्हणालं की अमुक टक्क्याच्या वर सगळे गोड आणि खाली सगळे अगोड, तर शेतकरी भांडायला उठेल. का? रेषेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या उसात फरक नसतोच मुळी.

टाइपच्या चाचणीत नेमकं हेच होतं. बहुतेक माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, मधल्या भागात गर्दी असते. चाचणी मध्यावर रेघ मारते. एक्कावन्न गुणांचा आणि पंचाण्णव गुणांचा, दोघं एका डब्यात. एकोणपन्नासचा आणि एक्कावन्नचा, दोघं वेगळ्या डब्यांत! म्हणून काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळ जणांचं निदान एक अक्षर बदलतं. माणूस बदललेला नसतो, तो रेघेच्या अलीकडून पलीकडे गेलेला असतो, एवढंच. शुद्ध अंतर्मुख किंवा शुद्ध बहिर्मुख माणूस नसतोच, हे खुद्द युंगही सांगत असत.

आपल्याकडची जुनी वर्गवारी

स्वभावाचे प्रकार पाडणं हे काही परदेशातून आलेलं नाही. आपल्या नाट्यशास्त्राच्या परंपरेत नायकाचे चार प्रकार आहेत. धीरोदात्त म्हणजे गंभीर, क्षमाशील, बढाई न मारणारा. धीरललित म्हणजे निश्चिंत आणि कलांत रमणारा. धीरप्रशांत म्हणजे शांत. आणि धीरोद्धत म्हणजे गर्विष्ठ, चटकन भडकणारा. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारात धनंजयाने 'दशरूपक' लिहिलं, त्यात हे नीट मांडलंय.

पण मला भावते ती त्यावरची धनिकाची टीका. तो म्हणतो, हे शब्द जात सांगत नाहीत, अवस्था सांगतात. आणि दाखला काय देतो? वासरू, बैल आणि थोराड बैल यांचा. आपल्या गोठ्यातलं उदाहरण! वासरू ही काही वेगळी जात नाही. तेच जनावर आज वासरू आहे, उद्या बैल होईल. हजार वर्षांपूर्वी नाटकाच्या अभ्यासकाला हे कळत होतं, की प्रकार हा त्या वेळेचा फोटो आहे. आपण मात्र फोटोलाच माणूस समजतो.

चाफळचे दोन मारुती

आता या वादातला सगळ्यात चांगला साक्षीदार. तो आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या चाफळला आहे. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी दोन तिथे आहेत. एक दास मारुती. तो राममंदिरासमोर हात जोडून उभा आहे. दुसरा प्रताप मारुती, त्याला वीर मारुतीही म्हणतात, तो मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. हा पराक्रमाच्या पवित्र्यात.

माझ्या दोन चहावाल्या मित्रांना तिथे नेलं असतं तर एक म्हणाला असता, "बघ, नम्र." दुसरा म्हणाला असता, "बघ, आक्रमक." पण मूर्ती बसवणाऱ्याला यात विरोध दिसला नाही. रामासमोर हात जोडलेले आणि शत्रूसमोर उगारलेला. दोन मारुती नव्हेत, एकाच मारुतीची दोन नाती.

मानसशास्त्राला हे पटायला बराच वेळ लागला. १९६८ साली वॉल्टर मिशेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक पुस्तक लिहून खळबळ उडवली. त्याचं म्हणणं असं, की एका प्रसंगात माणूस कसा वागला यावरून तो दुसऱ्या प्रसंगात कसा वागेल हे आपल्याला वाटतं तितकं सांगता येत नाही. घरात खरं बोलणारं मूल परीक्षेत कॉपी करू शकतं. त्यावरून बरीच वर्षं भांडण चाललं. काही जण म्हणायला लागले की स्वभाव असं काही नसतंच, सगळी परिस्थितीच.

पुढे मिशेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच यातून वाट काढली. त्यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं खूप तास निरीक्षण केलं. दोन मुलं एकूण सारखीच भांडखोर निघायची. पण एक भडकायचा तो मोठी माणसं रागावली की. दुसरा भडकायचा तो बरोबरीची मुलं जवळ आली की. बेरीज सारखी, पण माणूस वेगळा! आणि ही 'जर-तर'ची ठेवण त्या मुलामध्ये टिकून राहायची. म्हणजे स्वभाव असतो, नक्की असतो. तो एका विशेषणात सापडत नाही, जर-तरमध्ये सापडतो. जर राम समोर असेल तर हात जोडलेले. जर सुरसेने तोंड पसरलं तर आधी मोठा आणि मग एकदम अंगठ्याएवढा. जर लंकेत रात्री शिरायचं असेल तर मांजराएवढा. कुठे मोठं व्हायचं आणि कुठे लहान, हे कळणं हाच त्याचा स्वभाव. याला अक्षर कुठलं लावणार?

मी केलेली चूक

इथपर्यंत गंमत होती. आता गंमत नाही.

मी पुष्कळ वर्षं शिकवलं. एकदा वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलं निवडायची होती. एका मुलीने नाव दिलं होतं. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. मी यादीवरून पेन फिरवलं आणि सहकाऱ्याला म्हणालो, "अबोल आहे, स्टेजवर रडेल." तिला विचारलंही नाही. तिनेही मला काही विचारलं नाही. अबोलच होती ना!

तीन-चार वर्षांनी इंदापूरला बाजाराच्या आवारात गेलो होतो. डाळिंबाचा लिलाव चालला होता. वडिलांच्या जागी तीच मुलगी उभी होती. क्रेट उघडलेले, आणि अडत्या म्हणत होता की माल दोन नंबरचा आहे. तिने वरचं एक, तळातलं एक, मधलं एक अशी फळं उचलून त्याच्या हातात दिली. आवाज जराही न चढवता प्रतवारी समजावली आणि आदल्या दिवशीचा भाव सांगितला. भोवती दहा-पंधरा बाप्ये उभे. अडत्याने भाव वाढवला. मी मागच्या मागे सटकलो, कारण मला त्या पेनाची आठवण झाली.

ती अबोल होती हे खोटं नव्हतं. माझ्या वर्गात ती अबोल होती. 'माझ्या वर्गात' हे दोन शब्द मी गाळले, आणि त्या दोन शब्दांपायी तिची एक संधी गेली.

आता विचार करा, मी एकट्याने एका यादीवर केलं ते छापील कागदाने केलं तर? बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरात वीस मिनिटांत प्रश्नावली भरून घेतात आणि पोराच्या हातात चार अक्षरं देतात. आपल्या राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली होती. ती आवड कुठल्या क्षेत्राकडे आहे ते पाहणारी होती, व्यक्तिमत्त्वाचा शिक्का मारणारी नव्हती, हे लक्षात घेतलं पाहिजे. पण घरात असा कुठलाही निकाल वाचला जातो तो कसा? "बघ, कागदावर आलंय, तुला हे जमणार नाही." कागद सांगतो कल, आई-बाप वाचतात मर्यादा.

आणि तो कागद खरा का वाटतो, तेही सांगतो. १९४८ साली बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचा' अहवाल दिला. तो किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलला होता. "तुम्ही वरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता", या धर्तीची वाक्यं. कोण नाही म्हणेल? प्रत्येकाला ती आपल्या मापाची वाटतात.

मग हा वाद घालूच नये का?

जरूर घाला. मला तो वाद आवडतो. एखाद्या पात्राच्या स्वभावावर भांडणं हा माणूस वाचायला शिकण्याचा फार चांगला सराव आहे, कारण पात्राला आपल्या चुकीने इजा होत नाही. फक्त वाद घालताना तीन प्रश्न विचारा.

एक, हे वागणं कुणासमोर? दुसरा, हे वागणं कुठल्या वयात, कुठल्या अडचणीत? आणि तिसरा, माझ्या मताच्या विरुद्धचा एक तरी प्रसंग मी सांगू शकतो का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर आपण पात्र नीट पाहिलेलं नाही. हे तीन प्रश्न सिनेमातल्या मारुतीवर घासून तयार करा आणि मग घरातल्या माणसांवर वापरा.

शेवटी आपल्या बारामतीच्या माणसाकडे येतो. मोरोपंत. १७२९ साली पन्हाळ्याला जन्म, पण आयुष्य गेलं ते इथे कऱ्हेकाठी, नायकांच्या आश्रयाने, आणि १७९४ साली इथेच शेवट. 'आर्याभारत' आणि 'केकावली' यांचे कवी. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं परंपरा सांगते. एकच नायक, एकच गोष्ट, आणि पंत पुन्हा पुन्हा नव्याने सांगत राहिले. एका सांगण्यात नायक संपतो असं त्यांना वाटलं नाही, हे मला आधी महत्त्वाचं वाटतं.

त्यांतलं एक आहे 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ओठ न मिटता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. आता बघा, ओठ न मिटता 'राम' म्हणून दाखवा. (सभागृहात हशा) येत नाही. 'मारुती' येत नाही, 'हनुमान' येत नाही. म्हणजे रामायण सांगायचं आणि रामाचं नाव घ्यायचं नाही! मग कवी काय करतो? तो कुणाचा कोण आहे ते सांगतो, काय करतो ते सांगतो, कुणासाठी करतो ते सांगतो. आणि ऐकणाऱ्याला माणूस बरोबर ओळखू येतो.

मला वाटतं आपणही आठवडाभर एवढं करून बघावं. घरातल्या, वर्गातल्या, कामावरच्या एका माणसाबद्दल बोलताना त्याचं विशेषण वर्ज्य करायचं. आळशी, अबोल, तापट, हळवा, इन्ट्रोव्हर्ट, सगळी वर्ज्य. तो केव्हा, कुणापुढे, काय करतो तेवढंच सांगायचं. थोडं अवघड जाईल, जास्त शब्द लागतील. पण माणूस जास्त दिसेल.



प्रश्नोत्तरं

प्रश्न (एक शिक्षक): सर, मग शाळेत अशा चाचण्या घेऊच नयेत का?

उत्तर: घ्या, पण बोलणं सुरू करायला घ्या, संपवायला नको. आणि डबे पाडणाऱ्या चाचणीपेक्षा उतारा मोजणारी बरी. संशोधनात आज 'बिग फाइव्ह' म्हणजे पाच गुणांची पद्धत जास्त वापरतात. नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, सलोख्याने वागणं आणि मनाची अस्वस्थता. यात तुम्ही अमुक प्रकारचे असं येत नाही, प्रत्येक गुणात कमी-जास्त किती ते येतं. आणि हे गुण वयाबरोबर सरकतात. तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत साधारणपणे नेटकेपणा वाढतो, अस्वस्थता कमी होते. म्हणून सोळाव्या वर्षीचा अहवाल चाळिसाव्या वर्षाला लागू करू नका.

प्रश्न (इंदापूरहून आलेले श्रोते): आमच्याकडे म्हणतात, स्वभावाला औषध नाही. तुम्ही म्हणता परिस्थितीने बदलतो. खरं काय?

उत्तर: तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण देतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो. त्यांचा गुलाबी रंग जन्मजात असतो का? पिल्लू करड्या रंगाचं असतं. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन खाऊन त्या अन्नातल्या द्रव्याने पिसं गुलाबी होतात. पण तेच अन्न बगळ्याला घातलं तर तो काही रोहित होणार नाही. म्हणजे तो रंग घेण्याची ताकद जन्माची, आणि तो रंग मिळणं न मिळणं पाण्यावर. स्वभावाचंही साधारण असंच आहे. मूळ घडण असतेच, ती मी नाकारत नाही. पण पोर करडं दिसतंय म्हणून तो त्याचा रंग समजू नका. आधी पाण्यात काय आहे ते बघा.

प्रश्न (एक विद्यार्थिनी): मला थोडं वेगळं म्हणायचंय. मला घरात सगळे घुमी म्हणायचे. मी ती चाचणी दिली, अंतर्मुख आलं, आणि पहिल्यांदा वाटलं की माझ्यात बिघाड नाहीये, अशी बरीच माणसं असतात. तुम्ही ते आमच्याकडून काढून घेताय असं वाटलं.

उत्तर: चांगलं झालं तुम्ही हे बोललात. नाही, ते मी काढून घेणार नाही, तो माझा अधिकारही नाही. 'घुमी' हा शब्द दुसऱ्यांनी तुमच्यावर टाकला होता. 'अंतर्मुख' हा तुम्ही स्वतः उचललात आणि त्याने तुम्हाला आधार मिळाला. जांबवंतानेही हनुमानाला शब्दच दिले होते, दुसरं काय दिलं? पण ते शब्द ऐकून तो उडी मारायला उठला. माझी कसोटी तीच आहे. जो शब्द ऐकून तुम्ही उठता तो ठेवा. तोच शब्द उद्या कुणी तुम्हाला बसवून ठेवायला वापरला, "तू अंतर्मुख, तुला हे जमणार नाही" असं म्हणाला, तर त्याला विचारा, कुणासमोर? कुठे? केव्हा पाहिलंत? आणि एक सांगतो. आत्ता इतक्या लोकांसमोर उभं राहून तुम्ही वक्त्याची चूक दाखवलीत. हेही तुमच्या अहवालात लिहून ठेवा.